नेफ्यात अडकलेला नाडा अन् माझं बोट

मागच्या वर्षभरात ब्लाऊज टाकायला येणाऱ्या सात-आठ बायांनी तरी मला विचारलं, ताई तुमचं ते बोट अडकायचं ते कसं बरं झालं वो, आमचंही तसंच होऊन राहिलं. मशीनवर बसल्या बसल्या सांगते प्रत्येकीला, पण दरवेळी काही ना काही सुटतंच, म्हणून आता एकदा सगळं नीट लिहून काढते, लांबलं तर लांबू द्या.

मी आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावातली. वय ५१. बावीस वर्षांपासून घरीच शिवणकाम करते, ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस, जे येईल ते. तीन एकर वावर आहे, पऱ्हाटी अन् तूर, त्यामुळे वेचणीच्या दिवसात मशीन बंद अन् मी वावरात. शुगर आहे सहा वर्षांपासून. हे शुगरचं आधीच सांगून ठेवते कारण पुढे सगळं तिथंच येऊन थांबतं, पण तेव्हा मला कुठं माहीत होतं की बोटाचा अन् शुगरचा काही संबंध असतो म्हणून.

सुरुवात झाली २०२३ च्या महालक्ष्म्यांच्या वेळेला. सणाचे ब्लाऊज म्हणजे रात्री बारा-बारापर्यंत काम, अन् माझी कात्री जुनी, लोखंडी, वजनदार, अस्तर धरून चार-चार पदर एकदम कापायची सवय. एक दिवस सकाळी उठली तर उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट, अंगठीचं बोट, तळहातात दुमडून बसलेलं. उघडावं म्हटलं तर उघडेना. बाकी तीन बोटं सरळ अन् हे एकच आत. डाव्या हातानं धरून ओढलं तेव्हा कट् करून आवाज आला अन् झटक्यात सरळ झालं, पण अशी कळ गेली की डोळ्यात पाणी. मग दिवसभर ठीक. मला वाटलं झोपेत हात अंगाखाली आला असेल.

पण मग रोजच सुरू झालं. आधी फक्त सकाळी, मग कात्री ठेवली की, मग बादली उचलून खाली ठेवली की. भाकर थापताना बोट उघडंच राहायला पाहिजे न, ते मध्येच वाकून बसायचं अन् भाकरीची कड फाटायची. हूक लावायचं काम तर बंदच झालं, सुई धरली की बोट आत गेलं अन् तिथंच राहिलं, हूक-काजं सगळं मुलीकडे दिलं. लोकांसमोर पैसे मोजताना बोट अडकलं की हात पदराखाली घेऊन डाव्या हातानं हळूच सोडवायची.

आत्याबाई म्हणाल्या, नस चढली, चोळून घे. निरगुडीचा पाला उकळून त्याचा शेक घेतला, त्यानं बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू, सकाळी कोमट पाण्यात हात ठेवला तर बोट लवकर मोकळं होते हे आजही करते मी. मोहाचं तेल लावलं, त्यानं फायदा नाही नुकसान नाही. पण एक फार वाईट चूक झाली अन् ती कोणी करू नका म्हणून मुद्दाम लिहिते. नात्यातल्या एका म्हाताऱ्या आजीनं सांगितलं, "बिबा लाव नं बाई त्याले, दोन दिसात मोकयं होते पाय." मी ऐकलं. बोटाच्या मधल्या सांध्यावर गरम बिब्याचं तेल लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी फोड, तिसऱ्या दिवशी कातडं काळं, अन् शुगर असल्यानं ती जखम भरायला महिना गेला. त्या महिन्यात बोट तसंच अडकत होतं अन् वरून जखम. बिबा कातडी जाळते, अन् खरं दुखणं त्या सांध्यात नव्हतंच, ते कुठे होतं ते पुढे सांगते.

तोवर दिवाळी आली अन् पऱ्हाटी फुटली. वेचणी ज्यानं केली त्याला माहीत आहे, बोंडाच्या चारही पाकळ्यांतला कापूस पाची बोटं आत घालून एका चिमटीत काढावा लागते, अन् वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी लागतात. माझं एक बोट आत वाकून बसलं की चिमूट अर्धीच भरायची, एक फुटी बोंडात तशीच राहून जायची, परत हात घालायचा. जिथं मी दोन तासी, म्हणजे पऱ्हाटीच्या दोन ओळी, सोबतीणीच्या बरोबरीनं न्यायची तिथं एकातच मागे राहायची. अन् त्याच महिन्यात उजवा अंगठाही सुरू झाला, वाकला की टक् अन् सरळ व्हायला टक्. मग मात्र मी घाबरली. हातावर पोट आहे हो माझं.

तालुक्याला एका हाडाच्या डॉक्टरकडे गेली. एक्सरे काढला, एक्सरे चांगला. म्हणाले सांधेवात दिसतो, या वयात असंच राहते. दुखण्याच्या गोळ्या, कॅल्शियम, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. तीन महिने घेतल्या गोळ्या, पोटात आग पडायला लागली अन् बोट तिथंच. माझा राग गोळ्यांवर नाही, राग एवढाच की तीन चकरांमध्ये माझा तळहात एकदाही हातात घेऊन पाहिला नाही. मी बोट अडकवून दाखवत होती अन् ते चिठ्ठी लिहीत होते.

मग कोणीतरी बाजाराच्या गावातला एक दवाखाना सांगितला, तिथं कंबरेत इंजेक्शन देतात अन् सगळे सांधे मोकळे होतात. खरंच झाले! दुसऱ्या दिवशी बोट सुटलं, गुडघे सुटले, अंगात ताकद आल्यासारखी वाटली. तीन आठवडे तीन इंजेक्शनं घेतली. मग तहान लागायला लागली, रात्री चार-चार वेळा उठायची, डोळ्यासमोर धुकं. उपकेंद्रात आशाताईंनी शुगर तपासली तर ३८६. इंजेक्शनचं नाव चिठ्ठीवर नव्हतंच, चिठ्ठीच नव्हती. नंतर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या की लक्षणांवरून ते बहुतेक स्टिरॉइड असणार. आता गंमत नाही, नीट समजून घ्या, पुढे मला जे योग्य इंजेक्शन दिलं तेही स्टिरॉइडच होतं, पण ते थोडंसं, बोटाच्या मुळाशी नेमक्या जागेवर, शुगर पाहून, अन् कितीदा द्यायचं याचा हिशोब ठेवून. कंबरेत दर आठवड्याला ठोकणं अन् हे, दोन्ही एक नाही.

शुगर वाढली म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं लागलं अन् तिथंच माझं नशीब उघडलं. तिथं नवीन आलेल्या डॉक्टर मॅडम होत्या, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. शुगरच्या गोळ्या लिहिता लिहिता त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. म्हणाल्या, "काकू, बोट असं काहून धरलं?" मी मधला सांधा दाखवला, इथं दुखते, इथंच अडकते. त्यांनी माझा हात पालथा नाही, उताणा केला, अन् तळहातावर, बोट जिथं सुरू होते त्याच्या खाली, हाताच्या वरच्या आडव्या रेषेजवळ त्यांचा अंगठा ठेवला अन् म्हणाल्या, आता बोट वाकवा अन् सोडा. बोट सोडलं तेव्हा त्यांच्या अंगठ्याखाली तुरीच्या दाण्याएवढी गाठ सरकली, मलाही कळली, अन् त्यांनी जरा दाबलं तर मी ओरडलीच. म्हणाल्या, दुखणं इथं आहे काकू, सांध्यात नाही. एवढे सहा महिने मी ज्या सांध्याला चोळलं, भाजलं, तिथं काहीच नव्हतं.

त्यांनी समजावून सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. बोटं वाकवणारी ताकद बोटात नसते, ती कोपराच्या खालच्या हातात असते. तिथून दोऱ्या निघतात, मनगटातून, तळहातातून बोटाच्या टोकापर्यंत. त्या दोऱ्या हाडाला धरून राहाव्या म्हणून बोटाला आतून एक नळी असते अन् तिला जागोजागी कड्या. मी म्हटलं मॅडम, म्हणजे परकराचा नेफा अन् त्यातला नाडा. त्या हसल्या, म्हणाल्या अगदी तसंच. तर नेफ्याचं तोंड म्हणजे तळहातावरची पहिली कडी, ती जाड होऊन आवळते, अन् नाड्याला पडते गाठ. मूठ मिटताना गाठ जोर लावून तोंडातून बाहेर येते, पण उघडताना परत आत शिरत नाही, तिथंच अडकते, अन् ओढलं की कट् करून आत जाते. याला ट्रिगर फिंगर म्हणतात, बंदुकीचा घोडा जसा अडकून सुटतो तसं. बायांमध्ये जास्त, चाळिशी-पन्नाशीनंतर जास्त, अन् शुगरवाल्यांमध्ये तर कितीतरी जास्त. थायरॉइड अन् आमवातातही होते. मूठ आवळून करायची कामं, कात्री, विळा, कपडे पिळणं, यानं भर पडते. सकाळी जास्त कारण रात्रभर बोटं वाकलेली राहतात अन् सूज तिथंच थांबते.

मॅडमनी चिठ्ठी दिली सेवाग्रामची. आमच्याकडचे लोक मोठ्या दुखण्याला कस्तुरबा दवाखान्यातच जातात, १९६९ पासून मेडिकल कॉलेज आहे तिथं. सकाळच्या एसटीनं वर्धा, बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून जाणं येणं परवडते, वर्ध्यावरून ऑटोनं सेवाग्राम. आमचे हे सोबत होते. अख्खा दिवस जाते हे धरूनच निघायचं, डबा अन् शुगरच्या गोळ्या सोबत ठेवायच्या, मी पहिल्या वेळी डबा नाही नेला अन् दुपारी चक्कर आली.

तिथं रक्त तपासलं, आमवाताचं अन् थायरॉइडचं, दोन्ही ठीक. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी (HbA1c) निघाली ९.४. डॉक्टर आधी शुगरवरच बोलले, बोट नंतर. दीड महिना शुगर सांभाळायला लावली, अन् तोवर रात्री लावायला एक पट्टी दिली, तळहातापासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत, म्हणजे बोटाचं मूळ वाकत नाही, पुढचे सांधे हलवता येतात. सहा आठवडे रोज रात्री लावायची म्हणाले. सुरुवातीला झोपेतच मी काढून टाकायची, मग मुलीनं वरून जुना मोजा चढवून द्यायला सुरुवात केली तेव्हा राहिली.

मग इंजेक्शन. दोन्हीला, अंगठ्याला अन् बोटाला, वेगवेगळ्या दिवशी. दुखते, खोटं बोलत नाही, तळहाताची कातडी जाड अन् आत जागा कमी, औषध जाताना फुगल्यासारखं होते अन् जीव मुठीत येते. पण मोजून पंधरा-वीस सेकंद. त्यात बधिर करायचं औषध मिसळलेलं असते त्यामुळे नंतर दोन-तीन तास बोट सुन्न. रात्री ठणकलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की चार-पाच दिवस शुगर चढेल, रोज तपासा, गोड अन् भात कमी करा, फार चढली तर गोळी वाढवून घ्या. माझी तिसऱ्या दिवशी २९० गेली, सहाव्या दिवशी खाली आली. शुगरवाल्यांनी हे विचारल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नका. अन् फरक लगेच पडत नाही हेही लक्षात ठेवा, मी चौथ्या दिवशीच निराश झाली होती, पैसे अन् दिवस गेले म्हणून रडली, अन् दहाव्या दिवशी सकाळी उठली तर मूठ उघडलेली. कट् नाही, काही नाही. मी अंथरुणात बसून दहा वेळा मूठ मिटली अन् उघडली.

अंगठा त्या एका इंजेक्शनात बरा झाला तो आजपर्यंत बरा. बोटाचं मात्र काही महिन्यांनी परत सुरू झालं, पोळ्याच्या आसपास. दुसरं इंजेक्शन घेतलं, ते दोनच महिने टिकलं. डॉक्टर म्हणाले शुगरवाल्यांमध्ये इंजेक्शन कमी टिकते, अन् घेतच राहिलं तर दोरी कमजोर होऊ शकते, आता ऑपरेशन करून टाकू. मी विचारलं, कडी कापली तर नाडा बाहेर लोंबणार नाही का, बोट ढिलं पडलं तर? म्हणाले, पुढे आणखी कड्या आहेत त्या धरून ठेवतात, फक्त तोंडाची एक सोडवायची. म्हणजे नेफ्याचं तोंड दोन टाके उसवल्यासारखं. हे ऐकून माझी भीती अर्धी गेली कारण ते काम मी रोज करते.

वेचणी आटोपू दिली, तीन महिन्यांची शुगर ७.५ वर आणली, अन् २०२५ च्या जानेवारीत ऑपरेशन झालं. पूर्ण बेशुद्ध करत नाहीत. तळहातात सुन्न करायचं इंजेक्शन, ते सगळ्यात जास्त लागते. दंडाला बीपीच्या पट्ट्यासारखा पट्टा फुगवतात रक्त थांबवायला, त्याची रग बोटापेक्षा जास्त जाणवली. चीर सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरची. मध्ये हिरवा पडदा होता, मला दिसत नव्हतं, फक्त ओढल्यासारखं वाटत होतं. पंधरा मिनिटं झाली असतील अन् डॉक्टर म्हणाले, "ताई, मूठ मिटा. आता उघडा." मी उघडली. परत मिटा. उघडा. दीड वर्षात पहिल्यांदा ते बोट बाकीच्या बोटांसोबत उघडलं, मागून नाही. मला तिथंच रडू आलं, सिस्टर विचारत होत्या दुखून राहिलं का, अन् मला बोलता येत नव्हतं.

त्याच दिवशी घरी. दोन दिवस हात छातीच्या वर ठेवायचा, झोपताना उशीवर. पट्टी भिजू द्यायची नाही. अन् बोट मात्र पहिल्या दिवसापासूनच हलवायचं, हे महत्त्वाचं. आमच्याकडे ऑपरेशन म्हटलं की हात गळ्यात बांधून महिनाभर ठेवतात, तसं केलं तर आतली जखम दोरीला चिकटते अन् बोट कडक होऊन बसते. टाके बाराव्या दिवशी निघाले. जखम लाल होऊन गरम झाली, पू आला, ताप आला तर वाट पाहायची नाही, शुगरवाल्यांनी तर अजिबातच नाही.

ऑपरेशन म्हणजे दुसऱ्या दिवसापासून कात्री असं मात्र समजू नका. कट् व्हायचं थांबलं पण तळहाताची ती जागा तीन महिने दुखत होती, बादलीची कडी तिथंच रुतायची. बोटाचा मधला सांधा दीड वर्ष वाकून राहिल्यानं पूर्ण सरळ होत नव्हता, त्याला व्यायाम करावा लागला. टाके निघाल्यावर वण रोज खोबरेल लावून गोल गोल दाबायचा. अन् सकाळी कोमट पाण्यात हात ठेवून आधी पंजा पूर्ण सरळ, मग फक्त वरचे दोन सांधे वाकवून आकड्यासारखा, मग बोटं मुळातून वाकवून टेबलासारखी, मग पूर्ण मूठ. दहा वेळा, दिवसातून तीनदा. जोर लावून बोट मोडायचं नाही.

काम करायची पद्धतही बदलली. वजनदार कात्री कपाटात ठेवली, हलकी घेतली अन् तिच्या दोन्ही कड्यांना कापडाची पट्टी गुंडाळली. चार पदर एकदम कापत नाही, दोनच. अर्ध्या तासानं उठून हात झटकते. विळ्याच्या मुठीला यांनी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून जाड करून दिली, मूठ जाड असली की कमी आवळावी लागते. कपडे पिळायचं काम यांनीच स्वतःहून घेतलं, गावातल्या बाया आधी पाहायच्या, आता कोणी पाहत नाही.

एक सांगायचं राहिलं. बोटं दुखतात म्हणजे सगळ्यांना हेच असते असं नाही. माझ्या जाऊबाईंना रात्री हाताला मुंग्या येऊन जाग यायची, अंगठ्याकडची बोटं बधिर, तर त्यांची नस मनगटात दबलेली निघाली, त्याचा इलाज वेगळा. अन् शेजारच्या वहिनींचे दोन्ही हातांचे सांधे सुजायचे, सकाळी तास-दीड तास हात चालायचे नाही, त्यांना आमवात निघाला, त्याच्या गोळ्या लवकर सुरू कराव्या लागतात नाहीतर सांधे वाकडे होतात. म्हणून माझ्या अनुभवावरून घरी बसून औषध ठरवू नका, फक्त डॉक्टरांकडे गेल्यावर तळहात उताणा करून पुढे करा अन् बोट वाकवून दाखवा, अन् त्यांनी नाही दाबलं तर दाबून पाहा म्हणा. मी ते आधी म्हटलं असतं तर.

परवा शाळेचे ड्रेस शिवताना डाव्या हाताचं मधलं बोट सकाळी जरा जड वाटलं. अडकत नाही अजून. पण अंगठा ठेवून पाहिलं तर मुळाशी बारीक, मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी सरकते. जुनी पट्टी शोधून काढली, रात्री लावून झोपते, वरून मोजा. सोमवारी आरोग्य केंद्रात शुगर तपासायची तारीख आहेच, तेव्हाच मॅडमना हात दाखवून घेते.